पानगळीच्या मसाल्याचे बेगल: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बेगल म्हणजे मधोमध भोक असलेला, आधी पाण्यात उकळून मग भाजलेला चिवट पाव. त्याच्या साध्या पिठात चार चमचे मसाला आणि वाटीभर भोपळा ढकलला की मसाल्याचे बेगल तयार, असं समजून सुरुवात केली तर पहिली खेप हमखास बसते. कारण दोन आहेत. दालचिनी आणि लवंग दोन्ही यीस्टचा वेग कमी करतात, त्यामुळे पीठ नेहमीच्या वेळेत फुगत नाही. आणि भोपळ्याच्या गरात साधारण ९० टक्के पाणीच असतं, ते मोजलं नाही तर बेगलला लागणारं घट्ट पीठ हातात येतच नाही. या दोन गोष्टींवर लक्ष ठेवलं की पुढचं सगळं साध्या बेगलसारखंच आहे.

काम दोन दिवसांत विभागायचं. संध्याकाळी सातला पीठ मळलं तर साडेनऊ-दहापर्यंत बेगल वळून फ्रिजमध्ये जातात. सकाळी उकळायचे, भाजायचे. प्रत्यक्ष हात लावायचं काम तासा-दीड तासाचं आहे, बाकी वेळ पीठ आपलं आपण काम करत असतं.

आठ बेगलसाठी साहित्य

ब्रेडसाठीचा मैदा ५०० ग्रॅम
भोपळ्याचा घट्ट गर १२० ग्रॅम
पाणी १७० ग्रॅम
ब्राऊन शुगर ३० ग्रॅम
मीठ १० ग्रॅम
इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम
दालचिनी पूड ४ ग्रॅम (दीड चहाचा चमचा)
सुंठ पूड २ ग्रॅम (एक चमचा)
ऑलस्पाईस १ ग्रॅम (अर्धा चमचा)
जायफळ आणि लवंग पूड प्रत्येकी पाव चमचा

उकळण्यासाठी ३ लिटर पाणी, २ मोठे चमचे बार्ली माल्ट सिरप किंवा मध, आणि १ चहाचा चमचा खायचा सोडा.

मैदा, गर आणि पाणी वजनकाट्यावरच मोजा. कपाने मोजलेला मैदा दाबून भरला की सैल भरला यावर सहज ४०-५० ग्रॅमचा फरक पडतो, आणि बेगलच्या पिठात २० ग्रॅम पाणीसुद्धा हाताला कळतं. मसाले मात्र चमच्याने चालतील, कारण घरचे काटे १-२ ग्रॅम नीट दाखवत नाहीत.

मैदा असा निवडा की त्यात १२ ते १३ टक्के प्रोटीन असेल. पाकिटावर १०० ग्रॅममागे किती प्रोटीन ते छापलेलं असतं. बेगलचा चिवटपणा ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रोटीनमुळे येतो. केकसाठीचा, ९-१० टक्क्यांचा मैदा वापरला तर बेगल मऊ पावासारखा होतो. तोच हाताशी असेल तर ५०० ग्रॅमला १० ग्रॅम व्हायटल ग्लुटेन (गव्हातून वेगळ्या काढलेल्या ग्लुटेनची पूड) मिसळा आणि पाणी १० ग्रॅम वाढवा. ५० ग्रॅम मैद्याच्या जागी गव्हाचं पीठ घातलं तर मसाल्यांबरोबर चव छान जुळते. त्याहून जास्त नको, कोंडा ग्लुटेनचे धागे कापतो.

ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर ४ ग्रॅम घ्या आणि मोजलेल्या पाण्यातल्याच थोड्या कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. फेस आला नाही तर ते यीस्ट टाकून द्या. पुढे वेळ दिला म्हणून ते जिवंत होत नाही.

भोपळ्याचा गर

गर घरी करायचा तर भोपळा उकडू नका, भाजा. उकडताना तो आणखी पाणी पितो. लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी सालासकट ट्रेवर ठेवून २०० अंश सेल्सियसला ४० मिनिटं भाजा. सुरी सहज आत गेली पाहिजे. साल काढून गर बारीक करा आणि पातळ कापडात बांधून चाळणीवर अर्धा तास निथळत ठेवा. निथळलेल्या गरात चमचा उभा राहिला पाहिजे आणि ताटलीवर गोळा टाकला तर त्याच्या कडेने पाणी सुटता कामा नये. वजन करायचं ते निथळल्यानंतरच. डब्यातला तयार गर वापरलात तर तो नुसत्या भोपळ्याचा आहे ना, हे पाहून घ्या. ‘पाय’ (pie) या गोड पदार्थाच्या सारणाच्या डब्यात साखर आणि मसाले आधीच घातलेले असतात.

आता हिशेब बघा. १२० ग्रॅम गरात साधारण १०८ ग्रॅम पाणी, वर घातलेलं १७०, म्हणजे २७८. ५०० ग्रॅम मैद्याला हे प्रमाण ५५-५६ टक्के झालं. बेगलचं पीठ साधारण ५५ ते ५८ टक्क्यांत बसतं. भोपळा आवडतो म्हणून गर २०० ग्रॅम केला तर पाणी जवळजवळ ७० ग्रॅमने कमी करावं लागेल. आणि एवढा गर घातला की तंतूंमुळे बेगलचा चिवटपणा जातो. १२० पुरे. खरं सांगायचं तर भोपळ्याची चव बेगलमध्ये फार जाणवत नाही. तो देतो रंग आणि ओलसरपणा, चवीचं काम मसाले करतात.

मसाला किती आणि का एवढाच

दालचिनीतला सिनामाल्डिहाइड आणि लवंगेतला युजेनॉल हे दोन्ही बुरशीला रोखणारे घटक आहेत आणि यीस्ट ही बुरशीच. वर दिलेली दालचिनी मैद्याच्या ०.८ टक्के आहे. इतकीला यीस्ट जरा मंद होतं पण थांबत नाही. दालचिनी तिप्पट केली तर तास दोन तास उलटले तरी पीठ जागचं हलत नाही, आणि मग यीस्ट खराब होतं म्हणून त्याच्या नावाने खडे फोडले जातात. दालचिनी ठसठशीत हवी असेल तर ती बाहेरून द्या. भाजून काढलेल्या गरम बेगलवर वितळलेलं लोणी लावून दालचिनी-साखर भुरभुरली की वासही जास्त दरवळतो आणि यीस्टलाही त्रास नाही.

लवंग पाव चमच्यापेक्षा जास्त नको. जास्त झाली तर जिभेला बधिरपणा येतो आणि दातांच्या दवाखान्याची आठवण होते. जायफळ आयत्या वेळी किसून घ्या, त्याची पूड करून ठेवली की वास उडतो. ऑलस्पाईस हे नाव फसवं आहे. तो मसाल्यांचं मिश्रण नाही, अमेरिका खंडातल्या एका झाडाची वाळवलेली फळं आहेत. मिळाला नाही तर दालचिनी आणि जायफळ थोडं थोडं वाढवा, लवंग वाढवू नका.

मळणं

मोठ्या भांड्यात मैदा, साखर, यीस्ट आणि सगळे मसाले कोरडेच एकत्र करा, मीठ शेवटी. मसाला आधी कोरड्यात मिसळला नाही तर पिठात तपकिरी रेघा राहतात. वेगळ्या भांड्यात गर आणि १५० ग्रॅम पाणी ढवळून कोरड्यात ओता. उरलेलं २० ग्रॅम पाणी बाजूला ठेवा.

सुरुवातीला पीठ कोरडं, तुटक, चुऱ्यासारखं दिसेल. इथे हात पाण्याकडे जातो. जाऊ देऊ नका. भोपळ्यातलं पाणी लगेच सुटत नाही, मीठ-साखर आणि मळण्याचा दाब लागल्यावर ते हळूहळू बाहेर येतं. चार मिनिटं नेटाने मळा आणि मग ठरवा. तरीही तळाला कोरडा मैदा उरला असेल तर बाजूचं पाणी चमच्या-चमच्याने घाला. पहिल्याच मिनिटाला सगळं ओतलं तर दहाव्या मिनिटाला पीठ हाताला चिकटायला लागतं, मग वर मैदा, मग पुन्हा पाणी, असं चक्र सुरू होतं.

हाताने एकूण १२ मिनिटं. तळहाताच्या मुळाने पुढे रेटायचं, घडी घालायची, पाव वळसा द्यायचा, पुन्हा रेटायचं. पीठ घट्ट आहे, खांदे दुखणारच. मध्ये पाच मिनिटं झाकून ठेवलं तर ते स्वतःच सैलावतं आणि पुढचं मळणं निम्म्या ताकदीत होतं. पीठ मळायचा मिक्सर असेल तर सर्वांत कमी वेगावर ७-८ मिनिटं. यंत्र गरम झालं किंवा ओट्यावर सरकायला लागलं तर बंद करून पीठ दोन भागांत मळा. एवढ्या घट्ट पिठाने मोटर जळू शकते.

झालेलं पीठ गुळगुळीत, मंद नारिंगी, कानाच्या पाळीपेक्षा थोडं घट्ट लागतं. बोट दाबलं की खळगा हळूहळू भरतो आणि बोटाला काही चिकटत नाही. छोटा तुकडा ताणून पडदा करून बघायची चाचणी इथे पूर्ण लागू पडत नाही, कारण मसाल्याचे कण आणि भोपळ्याचे तंतू पडद्याला भोकं पाडतात. थोडा ताणला गेला तरी चालेल.

मनुका घालायच्या असतील तर ८० ग्रॅम. दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून, कापडावर अगदी कोरड्या करून, शेवटच्या मिनिटात मिसळा. न भिजवता घातल्या तर त्या पिठातलं पाणी ओढून घेतात.

पहिली फुगवण

तेल लावलेल्या भांड्यात झाकून ठेवा. साधारण २५ अंशाच्या खोलीत साधं पीठ तासाभरात दीडपट होतं, हे सव्वा ते दीड तास घेईल. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. भांड्याला बाहेरून चिकटपट्टी लावून सुरुवातीची पातळी दाखवून ठेवली की अंदाज चुकत नाही. दुप्पट होऊ देऊ नका, बेगलला दीडपट पुरते.

वळणं

पीठ साधारण ८४० ग्रॅम भरेल. १०५ ग्रॅमचे आठ तुकडे वजनावर करा. लहान-मोठे झाले तर छोटे आधी करपतात. प्रत्येक तुकड्याचा गोळा करून, झाकून दहा मिनिटं विश्रांती. ही दहा मिनिटं टाळली तर पीठ रबरासारखं मागे आखडतं.

भोक पाडायची पद्धत सोपी आहे. गोळ्याच्या मधोमध बोट आरपार घाला, दोन्ही हातांच्या तर्जन्या आत घालून चरख्यासारखं फिरवत भोक मोठं करा. किती? चार ते पाच सेंटिमीटर. बघायला फार मोठं वाटेल. पण रात्रीच्या फुगवणीत, उकळण्यात आणि भाजण्यात ते तीनदा आकसतं. दोन सेंटिमीटरचं भोक सकाळी बेंबीएवढं उरतं.

दुसरी पद्धत दोरीची, आणि चिवटपणाला हीच चांगली, कारण पिठाचे धागे गोलाकार ताणले जातात. गोळा चपटा करून, गुंडाळी करून, २५ सेंटिमीटरची सारखी जाड वात वळा. ती चार बोटांभोवती अशी गुंडाळा की दोन्ही टोकं तळहाताखाली येतील आणि एकमेकांवर पाच सेंटिमीटर चढतील. आता तळहात ओट्यावर दाबून सात-आठ वेळा मागे-पुढे करा, सांधा एकजीव होईल. ओट्यावर मैदा भुरभुरू नका. मैदा लागला की वात घसरते, वळत नाही, आणि सांधा धरत नाही. हात घसरत असेल तर उलट ओला कपडा ओट्यावर एकदा फिरवा.

पहिल्यांदा करताना चार एका पद्धतीने आणि चार दुसऱ्या पद्धतीने करून बघा.

बेकिंग पेपरचे आठ चौकोन कापा, त्यांना तेलाचा हात लावा, वर थोडा रवा भुरभुरा आणि प्रत्येकावर एक बेगल ठेवा. ट्रे सैलसर प्लास्टिकने झाका, हवा लागली तर साय धरते. खोलीत २५-३० मिनिटं ठेवून मग फ्रिजमध्ये १२ ते १६ तास. साध्या बेगलना इतका वेळ बाहेर लागत नाही, पण मसाल्याने मंदावलेल्या यीस्टला थंडीत जाण्याआधी ही उभारी हवी. थंडीत यीस्ट अगदी हळू चालतं आणि तेवढ्या वेळात चव खोल होते. भाजल्यावर सालीवर बारीक फोड दिसतात तेही या लांब थंड मुक्कामामुळेच.

तरंगण्याची परीक्षा

सकाळी एका वाडग्यात थंड पाणी घ्या आणि एक बेगल त्यात सोडा. दहा-पंधरा सेकंदांत वर आला तर सगळे तयार. लगेच काढून कोरडा करून परत ठेवा. तळाशी बसून राहिला तर ट्रे बाहेर काढा आणि दर वीस मिनिटांनी पुन्हा बघा. मसाल्याच्या पिठाला हा जादा अर्धा-पाऊण तास बऱ्याचदा लागतो, घाबरायचं कारण नाही. मात्र तरंगायला लागले की थांबू नका. पार फुगून गेलेला बेगल उकळत्या पाण्यातून काढल्यावर सुरकुततो आणि ओव्हनमध्ये चपटा होतो.

उकळणं

ओव्हन आधीच २२० अंशाला लावून ठेवा, आतून पूर्ण तापायला अर्धा तास लागतो. पंख्याचा ओव्हन असेल तर २००.

रुंद पातेल्यात पाणी उकळवून त्यात माल्ट किंवा मध घाला, मग सोडा. सोडा टाकताच फेस वर येतो, म्हणून पातेलं काठोकाठ भरू नका. न्यूयॉर्कच्या बेगलवाल्यांची परंपरा माल्टची, मॉन्ट्रियलची मधाच्या पाण्याची. या मसाल्यांना मध जास्त शोभतो. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि साल लवकर खरपूस होते. चमच्यापेक्षा जास्त घातला तर साबणासारखी चव येते.

पाणी खळखळा उसळत नको, बारीक बुडबुडे येत राहतील इतपत आच ठेवा. बेगल कागदासकट उलटा पाण्यात सोडा, काही सेकंदांत कागद सुटतो, तो चिमट्याने काढा. हाताने सोलायला गेलात तर फुगलेला बेगल दबतो. एका वेळी तीनच. प्रत्येक बाजूला ३० ते ४० सेकंद. या वेळात बाहेरचा स्टार्च शिजून चिकट पडदा तयार होतो. तो पडदा ओव्हनमध्ये पिठाला मनसोक्त फुगू देत नाही, म्हणून बेगल आतून दाट राहतो आणि साल चिवट होते. हे उकळणं गाळलं तर हाती येतो तो भोक असलेला गोल पाव. एका बाजूला मिनिटापुढे गेलात तर साल जाड, कातडीसारखी होते.

झाऱ्याने काढून क्षणभर निथळू द्या. भोपळ्याच्या बिया लावायच्या तर आत्ताच, पृष्ठभाग चिकट आहे तोवर. दोन मिनिटांनी लावलेल्या बिया भाजल्यावर ताटलीत गळतात. दालचिनी-साखर आत्ता लावू नका, ती ओव्हनमध्ये वितळून तळाला करपते.

भाजणं

नवीन कोरड्या बेकिंग पेपरवर, मधल्या कप्प्यात, २० ते २४ मिनिटं. दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा. साखर आणि भोपळ्यामुळे हे बेगल साध्यांपेक्षा लवकर रंग धरतात, आणि रंग आला म्हणजे आतून झाले असं नाही. पंधराव्या मिनिटालाच गडद दिसले तर वर फॉइल सैल टाका आणि वेळ पूर्ण करा. छोट्या ओव्हनमध्ये तार जवळ असते, तिथे तर फॉइल लागतंच, आणि बेगल चार-चारच भाजावेत. दुसरे चार तोवर फ्रिजमध्ये ठेवा, आधी उकळून ठेवू नका. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९६ अंशाच्या वर गेलं की झालं.

जाळीवर काढून निदान अर्धा तास थांबा. गरम असताना कापला तर आतला भाग सुरीला गोंदासारखा लागतो आणि कच्चा राहिला असं वाटतं. दालचिनी-साखरेसाठी मात्र पाच मिनिटंच थांबायचं: ३० ग्रॅम लोणी, ५० ग्रॅम साखर, दोन चमचे दालचिनी. आधी लोण्याचा ब्रश, मग बेगल साखरेत उपडा.

बिघडलं तर

खाली चपटा, वर सुरकुत्या: जास्त फुगले. पुढच्या वेळी फ्रिजचे तास कमी करा किंवा यीस्ट २ ग्रॅम घ्या. फ्रिजचं दार सारखं उघडलं जात असेल तर ट्रे मागच्या बाजूला, खालच्या कप्प्यात ठेवा.

दगडासारखा जड आणि बाजूने फाटलेला: कमी फुगले. तरंगण्याची परीक्षा टाळली तर हेच होतं.

सांधा उकळताना सुटला: ओट्यावर मैदा होता किंवा टोकं नुसती टेकवली होती, दाबून फिरवली नव्हती. टोक किंचित ओलं करून जोडा.

फिकट आणि बिनचमकेचा: ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे आतलं तापमान स्थिरावलं असं नसतं. दहा मिनिटं आणखी द्या.

आतून ओलसर, चिकट: गर नीट निथळला नव्हता. भाजण्याची वेळ वाढवून हे फारसं सुधारत नाही.

कडवट: लवंग जास्त, किंवा दालचिनी जुनी आणि भुशासारखी, म्हणून चमचे वाढवत नेले. नवी आणा, प्रमाण तेच ठेवा.

ठेवणं

ज्या दिवशी भाजले त्या दिवशी सर्वांत चांगले. दुसऱ्या दिवसापर्यंत कागदी पिशवीत ठीक. फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे स्टार्च लवकर घट्ट होतो आणि बेगल एका रात्रीत शिळा लागतो. उरलेले पूर्ण गार झाल्यावर आडवे कापून, दोन भागांमध्ये कागदाचा तुकडा घालून, हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवा. आधी कापले नाहीत तर गोठलेला बेगल कापताना सुरी हातावर येते. खायच्या वेळी वितळू न देता थेट टोस्टरमध्ये. वर लावायला २०० ग्रॅम क्रीम चीजमध्ये दोन चमचे मेपल सिरप आणि चिमूटभर मीठ फेटून घ्या. मात्र दालचिनी-साखरेचे बेगल टोस्टरमध्ये उभे घालू नका, साखर वितळून तारेवर गळते. ते तव्यावर कापलेली बाजू खाली ठेवून गरम करा.